दवाखान्याचं सॉफ्टवेअर: नोंदी परत मिळतील का?

दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेताना डॉक्टर बहुधा अपॉइंटमेंट, बिल आणि प्रिस्क्रिप्शनची छपाई पाहतात. ते जवळजवळ सगळ्यांत असतंच. मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा प्रश्न: उद्या हे सॉफ्टवेअर सोडलं, तर रुग्णांच्या नोंदी कोणत्या रूपात परत मिळतील? नुसत्या पीडीएफ हाती आल्या, तर मधुमेही रुग्णाची गेल्या काही वर्षांची साखर नव्या प्रणालीत आलेखावर दिसत नाही. एकेक आकडा पुन्हा भरत बसावं लागतं. म्हणून ‘एफएचआयआर’ या खुल्या मानकात नोंदी बाहेर काढून दाखवा, असं डेमोच्या वेळीच सांगावं. २०२१मध्ये देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन हेच मानक वापरतं. त्यात रुग्णाच्या संमतीने त्याच्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला नोंदी जोडता येतात. शिवाय २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार, रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात.

इंटरनेट गेल्यावर काम चालतं का, हेही विचारावं. आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा पासवर्ड हवाच. रिसेप्शनवर वेळ आणि बिल दिसलं की पुरे. रुग्णाचं निदान तिथे दिसायचं काहीच कारण नाही.