उशिरा वाढणारे मूल आणि त्याचे आईबाप

घरात मूल जन्मले की त्याच्या प्रगतीचे मोजमाप आपोआप सुरू होते. बाळाने मान धरली, बाळ पालथे पडले, बसू लागले, रांगू लागले, या बातम्या आजीच्या तोंडून शेजारीपाजारी पोचतात. परंतु या क्रमातील एखादी पायरी वेळेवर येत नाही, दीड वर्ष उलटूनही मूल चालत नाही किंवा दोन वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून बोलत नाही, तेव्हा घरातले हे अनुभवाचे शहाणपण गोंधळून जाते. “याचा बापही उशिराच बोलला होता,” असे म्हणून प्रथम वाट पाहिली जाते; आणि पुढे फरक पडला नाही, की दोष आईच्या माथी येतो. या दोन्ही गोष्टींत मुलाचे मोलाचे दिवस वाया जातात, कारण मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत जितक्या वेगाने होते तितकी ती पुढे कधीच होत नाही.

उशीर झालेले प्रत्येक मूल मागेच राहते असे नाही. कित्येक मुले आपल्या गतीने पुढे जाऊन इतरांस गाठतात. पण कोणते मूल गाठील आणि कोणास मदत लागेल, हे नुसते पाहून ठरत नाही. म्हणून अशा वेळी प्रथम मुलाचे कान व डोळे तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. ज्याला ऐकू येत नाही त्याने बोलावे कसे?

तपासणीनंतर खरा प्रश्न उभा राहतो. तज्ज्ञाकडे मूल आठवड्यातून एखादा तास जाते. जागेपणीचे दिवसाचे बारा तास धरले, तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. उरलेल्या त्र्याऐंशी तासांत मूल असते ते आईबापांपाशी, आजी-आजोबांपाशी, भावंडांपाशी. शिकणे व्हावयाचे ते बहुतांशी याच वेळात. तेव्हा मुलाबरोबर आईबापांसही शिकविले पाहिजे, हा विचार ओघानेच येतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे एक गाव आहे. १९६९ साली तेथे सुरू झालेल्या एका उपक्रमाने या विचारास व्यवस्थित रूप दिले. त्या ग्रामीण प्रदेशातील मुले इतकी विखुरलेली होती, की त्यांना एका शाळेत रोज आणणे शक्य नव्हते. म्हणून शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागली. ती एखादे लहानसे कौशल्य निवडी, ते कसे शिकवावे हे करून दाखवी, आणि मग आईकडून तिच्यादेखत करवून घेई. पुढल्या आठवड्यात काय जमले याची नोंद पाहून नवी पायरी ठरे. ही पद्धत पुढे ब्रिटन, भारत आणि इतर अनेक देशांत गेली.

या शिकवणुकीत महागडी साधने लागत नाहीत. तीन वर्षांचे एक मूल बोलत नाही असे समजा. त्याला तहान लागली हे आई चेहऱ्यावरून ओळखते आणि पेला तोंडाशी लावते. यात माया आहे, पण मुलाला मागण्याची गरजच उरत नाही. मार्गदर्शक तिला सुचविते, की मुलाच्या डोळ्यांसमोर बसावे, पेला दाखवावा, “पाणी” असा एकच शब्द स्पष्ट उच्चारावा आणि मनात पाचपर्यंत आकडे मोजत थांबावे. मुलाने पाहिले, बोट दाखविले, नुसता “पा” म्हटला, तरी ते मागणेच समजून पाणी ताबडतोब द्यावे. काहीच झाले नाही तरी पाणी द्यावेच; तहानलेल्या मुलाची परीक्षा घ्यावयाची नसते.

कपडे घालण्याचेही तसेच. चड्डी घालणे हे मोठ्यांस एक काम वाटते. मुलास ती पाच-सहा कामे असतात. आईने ती गुडघ्यांवरून वर आणावी आणि कमरेपर्यंत ओढण्याचे शेवटचे काम मुलावर सोपवावे. ते जमले की त्याच्या आधीचे. असे उलट बाजूने गेल्यास प्रत्येक खेपेस काम पुरे केल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. चिऊ-काऊचा घास, बुवाकुक, आंघोळीचे पाणी, भाजी निवडणे, या सर्वांतून असेच शिकविता येते.

हे काम मोठे पदवीधरच करू शकतात असेही नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे स्वमग्न मुलांच्या आईबापांसाठी असाच एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ६५ मुलांच्या या प्रयोगात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी मार्गदर्शन केले. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपण होऊन संवाद अधिक साधू लागली. सर्व अडचणी मिटल्या नाहीत. परंतु वाट चालण्यासारखी आहे हे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-प्रशिक्षणात दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी नऊ सामुदायिक बैठका व तीन गृहभेटी असतात.

त्या बैठकांत पालकांच्या स्वतःच्या थकव्याविषयीही बोलणे होते, आणि ते अगत्याचे आहे. रात्ररात्र जागणाऱ्या, नातेवाइकांचे टोमणे ऐकणाऱ्या आईवर आणखी एक वेळापत्रक लादले, तर तिचा धीर खचेल. बापाने, आजी-आजोबांनी कामाचा वाटा उचलणे हा उपचाराचाच भाग होय. आईने आईच राहावे. मुलाच्या प्रत्येक खेळाचा पाठ करू नये. आपल्यासारखीच दुसरी आई भेटली, तिचे मूल काल प्रथमच हाताने जेवले हे ऐकले, की जे बळ येते ते औषधाच्या चिठ्ठीने येत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांस आणखी एक पेच पडतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेंगळुरू येथे त्यांना कधी कधी सांगितले जाते, की मूल बोलत नाही तर घरात मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. दोन भाषा कानी पडल्याने विकासातला उशीर वाढतो, असे संशोधनात आढळलेले नाही. उलट परक्या भाषेत आई मोजकेच बोलेल, आजी तर गप्पच बसेल, आणि ज्या मुलाला शब्दांची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्याच कानी ते कमी पडतील. जी भाषा हसताना आणि रागावताना सहज तोंडी येते, तीच मुलाशी बोलावी.

मदत कोठे मागावी? फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची योजना आहे, आणि विकासातील विलंब हा तीत पाहावयाच्या चार गोष्टींपैकी एक होय. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडण्यात आली आहेत. तेथे जाताना पालकांनी “याला काय झाले आहे?” एवढेच विचारून परतू नये. “घरी आम्ही काय करावे, ते आमच्याकडून एकदा करवून घ्या,” असेही म्हणावे. ते मागण्याचा त्यांना अधिकार आहे.