गाडी ठेवणार कुठे?

जपान दाटीवाटीचा देश, हे आपण शाळेत शिकलो. पण क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राहून मोठा आणि लोकसंख्या १२ कोटींच्या वर, म्हणजे आपल्याच आसपास. मग दाटी कुठली? देशाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग जंगलाचा, तोही बहुतेक डोंगरउतारावरचा. माणसे उरलेल्या सपाटीवर, त्यातही टोकियोभोवतीच्या कान्तो मैदानात एकवटलेली.

जागेचा हिशेब मग घरातच सुरू होतो. रात्री अंथरलेली गादी, तिला फुतोन म्हणतात, सकाळी भिंतीतल्या कपाटात जाते आणि निजायच्या खोलीची बैठक होते. (चाळीत वाढलेल्यांना यात नवल ते काय!)

माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला मात्र भावला तो १९६२चा कायदा. शहरात मोटार नोंदवायची तर ती ठेवायला घरापासून २ किलोमीटरच्या आत जागा आहे, असा पोलिसांचा दाखला लागतो. अर्जाला जागेचा नकाशा जोडायचा. खेड्यांत बहुधा हा दाखला मागत नाहीत. तिथे जागा आहे.

वाहनकर्ज देताना आम्ही पगार, जामीनदार, सगळे तपासत असू. गाडी रात्री कुठे उभी राहील, हा रकानाच अर्जात नसे. आज आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या असतात. रुग्णवाहिका आत वळत नाही. आजाऱ्याला खुर्चीत बसवून नाक्यापर्यंत न्यावे लागते.