भाताचे वाडगे आणि पूर्वेचे शिरस्ते

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर जेथे धानाच्या बांध्या नजर पोचेल तेथवर पसरलेल्या आहेत, त्या भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातील रुयाळ (सिंदपुरी) येथे महासमाधिभूमीचा महास्तूप उभा राहिल्यापासून जपानी भिक्षूंचे आगमन हा नवलाचा विषय उरलेला नाही. परंतु पाहुणे परिचयाचे झाले, तरी त्यांच्या आणि त्यांच्या शेजारी देशांच्या रीतिरिवाजांविषयीचे आपले ग्रह मात्र जुनेच आहेत.

गैरसमज : चीन, जपान, कोरिया, सर्वत्र जेवणाची रीत एकच.

वस्तुस्थिती : मेजाच्या मध्यभागी ठेवलेल्या सामाईक पात्रांपर्यंत पोचाव्यात म्हणून चिनी काड्या लांब व बोथट असतात, जपानी काड्या आखूड व टोकदार, तर कोरियातल्या काड्या धातूच्या असून भात मात्र तेथे चमच्यानेच खातात. जपानात वाडगे हाती उचलून जेवणे हा शिष्टाचार. कोरियात तेच उचलणे असभ्य गणले जाते. कोरियाची जुनी वाडगी ठोकीव काशाची, म्हणजे शेकडा 78 भाग तांबे व 22 भाग कथील यांची असत. हा धातू थंड असता ठोकला तर तडकतो, म्हणून तो तापवूनच घडवावा लागतो, हे भंडाऱ्याच्या भांडी घडविणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. वाफाळत्या भाताने भरलेले असे वाडगे हाती धरवणारही नाही.

गैरसमज : काड्यांनी भात खाणे ही निव्वळ कसरत आहे.

वस्तुस्थिती : आपला भात शिजून मोकळा होतो, जपान-कोरियातील आखूड, गोलसर दाण्यात अमायलोज हा पिष्टाचा घटक कमी असल्यामुळे तो चिकट होऊन त्याचे गोळे सहज उचलता येतात.

गैरसमज : जेथे शेवया आवाज करीत ओढून खाल्ल्या तरी चालते, तेथे पानावरचे विधिनिषेध कसले?

वस्तुस्थिती : जपानात उष्ण शेवया तशा ओढल्याने तोंड पोळत नाही आणि सुगंधही कळतो, परंतु काड्या भातात उभ्या रोवणे हा तेथे मोठा प्रमाद होय, कारण तसे वाडगे मृताच्या पुढे ठेवतात. लग्नाच्या पंगतीत पिंडासारखा वळलेला भात कोणी वाढला, तर आपल्याकडे जो गहजब होईल, तोच तेथे होतो.

गैरसमज : मांसाहार जपानात अनादिकालापासून निर्वेध आहे, आणि विवाहित भिक्षू म्हणजे शीलभ्रष्ट भिक्षू.

वस्तुस्थिती : सम्राट तेम्मू याने इसवी सन 675 मध्ये फर्मान काढून एप्रिल ते सप्टेंबर या काळात गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांच्या मांसास मनाई केली, आणि तेव्हापासून मांसाहार दीर्घकाळ निषिद्ध वा निंद्य मानला गेला. पुढे 1872 साली सम्राट मेइजी याने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी सरकारी हुकुमाने भिक्षूंना मांसाहाराची, विवाहाची व केस राखण्याची मुभा मिळाली. शिनरान या आचार्याने तर तेराव्या शतकातच गृहस्थाश्रमात राहून आपला पंथ चालविला होता. म्हणून एखाद्या जपानी धर्मगुरूने बोलता बोलता पत्नीचा उल्लेख केला, तर आपण त्याचा पंथ विचारावा. चारित्र्याची चौकशी करू नये.