पाण्याला परतीची वाट : बायपास व्हॉल्व्हचे काम

कोकणातील अनेक मुस्लिम कुटुंबे ब्रिटनमध्ये स्थायिक झाली आहेत आणि आपल्याकडील प्लंबर-फिटर तरुणांनाही तिकडच्या कामाची ओढ असते. म्हणून या वेळी आम्ही आमच्या कारागीर बांधवांना तिकडच्या घरांतील एका लहानशा वस्तूची माहिती देत आहोत. वस्तू लहान असली तरी ती चुकली तर महागडा बॉयलर आणि कारागिराचे नाव, दोन्ही खराब होतात.

ब्रिटनमध्ये थंडीत बहुतेक घरे गरम पाण्याने उबदार ठेवली जातात. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाइपातून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरवतो आणि निवलेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. रेडिएटरला उष्णतेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो. खोली पुरेशी गरम झाली की तो आपोआप मिटतो व गॅसची बचत होते.

अडचण इथेच सुरू होते. एकेक करून सगळे व्हॉल्व्ह मिटले तर पाण्याने जायचे कुठे? आपल्या इमारतींत प्रेशर पंपाचे सर्व नळ बंद झाले की प्रेशर स्विच पंप थांबवतो. तिकडचा साधा पंप मात्र फिरतच राहतो व बंद पाइपावर जोर करतो. पाइपात आवाज येतो, पंपाची झीज होते. बॉयलरमधले पाणी जागीच अडकून उकळू लागते आणि सुरक्षा थर्मोस्टॅट बॉयलर बंद पाडतो. शिवाय बऱ्याच बॉयलरचा पंप ज्योत विझल्यावरही काही मिनिटे चालतो, कारण आत उरलेली उष्णता बाहेर काढायची असते. त्यासाठीही पाण्याला वाट हवीच.

ही वाट म्हणजे बायपास. जाणारा आणि येणारा पाइप एका छोट्या पाइपाने जोडून मध्ये व्हॉल्व्ह बसवतात. पूर्वी साधा व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून देत. त्यातून गरम पाणी सदासर्वदा वाया फिरत राही. स्वयंचलित व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग असते. दोन्ही पाइपांतील दाबाचा फरक वाढला की तो उघडतो, कमी झाला की मिटतो. असे व्हॉल्व्ह साधारणपणे 0.1 ते 0.5 बार या टप्प्यात लावता येतात.

खरा हुन्नर हा दाब लावण्यात आहे. स्प्रिंग फार ढिली ठेवली तर गरम पाणी रेडिएटरला न जाता सरळ परत येते आणि लांबच्या खोल्या थंड राहतात. इंग्लंड व वेल्समध्ये 1 एप्रिल 2005 पासून नवे गॅस बॉयलर सहसा कंडेन्सिंग प्रकारचेच बसवावे लागतात. परत येणारे पाणी सुमारे 55 अंशांच्या वर गेले की धुरातील वाफेची उष्णता त्यांना परत मिळवता येत नाही आणि गिऱ्हाइकाचे बिल वाढते. उलट स्प्रिंग फार घट्ट केली तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

बसवताना अंगावरील बाणाची दिशा पाहावी. पंपाच्या पुढे, पण मोटारीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या अगोदर तो जोडावा. सगळे रेडिएटर उघडे असताना बायपासच्या पाइपातून गरम पाणी वाहू नये. सगळे मिटवल्यावर तो पाइप तापला पाहिजे. काही बॉयलरमध्ये बायपास आतच असतो, म्हणून आधी कंपनीचे पुस्तक वाचावे.

आणखी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये दुसऱ्याच्या घरी पैसे घेऊन गॅसचे काम करायचे तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद कायद्याने लागते. 1 एप्रिल 2009 पासून ही नोंदणी चालू आहे. नोंद नसेल तर गॅसला हात लावू नये.

काम आटोपल्यावर सर्व व्हॉल्व्ह मिटवून एकदा तपासणी करायला फारसा वेळ लागत नाही. ऐन थंडीत गिऱ्हाइकाच्या घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे कुडकुडू नयेत, यासाठी तेवढा वेळ जरूर द्यावा.