‘काय म्हनता भाऊ?’ : विचारपूस की नमस्कार?

अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटलं की ‘काय म्हनता भाऊ?’ असं विचारतात आणि ‘काई नाई, बरं हाये’ असं उत्तर येतं. समोरच्याने अजून काही म्हटलेलंच नसतं. म्हणजे हा प्रश्न माहितीसाठी नाही, ओळख टिकवण्यासाठी आहे. इंग्रजीतलं ‘हाउडी’ही ‘हाऊ डू यी’ या विचारपुशीचंच आटलेलं रूप. अशा बोलण्याचं काम माणसं जोडणं हे आहे, असं मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी 1923 मध्ये मांडलं. मग हा पोकळ उपचार म्हणायचा का? नाही. घरात दुखणं असलं, कपाशी हातची गेली असली, तर याच प्रश्नावर माणूस थांबतो आणि मन मोकळं करतो. नुसत्या रामरामात ही सोय नाही. म्हणून विचारल्यावर उत्तरासाठी क्षणभर थांबावं.