कायद्याच्या विद्यार्थ्यास अर्थशास्त्र कशासाठी?

बारावीनंतर विधी महाविद्यालयाच्या पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यासमोर सुरुवातीलाच बहुधा एक अनपेक्षित विषय येतो, तो म्हणजे अर्थशास्त्र. मागणी-पुरवठ्याचे वक्र, सीमान्त उपयोगिता, राष्ट्रीय उत्पन्न यांचा न्यायालयाशी संबंध काय, असा प्रश्न त्याला पडतो. अनेक विद्यार्थी हा विषय उत्तीर्ण होण्यापुरता वाचतात आणि विसरून जातात. पुढे वकिलीस आरंभ झाल्यावर मात्र बहुतेक दिवाणी दाव्यांमागे पैसा, काळ आणि जोखीम ही त्रयी उभी असल्याचे त्यांच्या ध्यानात येते.

या दोन विद्याशाखांचा संगम आपल्या देशास नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३५ मध्ये त्याच मुंबईतील शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले. चलनाचा अभ्यासक आणि राज्यघटनेचा शिल्पकार या दोन भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या, ही बाब विधी शाखेच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्षात ठेवावी.

गोठवलेला भाव

अर्थशास्त्राचा पहिला धडा किमतीचा. किंमत हा केवळ आकडा नसून तो एक संकेत असतो. वस्तू किती हवी आहे आणि ती पुरविण्यास किती खर्च येतो, हे दोन्ही त्यातून व्यक्त होते. कायद्याने हा संकेत दीर्घकाळ दाबून धरला तर काय घडते, याचे उदाहरण मुंबईच्या भाडे नियंत्रणात सापडते.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही तारीख आधारभूत मानली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला बेघर होण्यापासून वाचविण्याचा हेतू निश्चितच स्तुत्य होता. परंतु सिमेंट, लोखंड व मजुरी यांचे दर दशकानुदशके वाढत गेले आणि भाडे मात्र जवळपास तेथेच राहिले. दुरुस्तीवर खर्च करण्यात मालकास स्वारस्य उरले नाही, भाड्याने घर देण्यास कोणी धजेना आणि दाबलेली किंमत पागडीच्या रूपाने आडवाटेने वसूल होऊ लागली. अखेरीस १९६९ मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवावा लागला. पावसाळ्यात कोसळणाऱ्या इमारतींच्या बातम्यांतून वाचकांना परिचित झालेला ‘उपकरप्राप्त इमारत’ हा शब्द तेव्हापासूनचा.

भाडे गोठवून ठेवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नमूद केले. त्यानंतर आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. भाडेकरूच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्याने त्याच्याच डोक्यावरचे छप्पर कमकुवत व्हावे, हा विरोधाभास अर्थशास्त्राच्या पहिल्या प्रकरणावाचून उलगडत नाही.

शिक्षेची तीव्रता आणि निश्चिती

दुसरा धडा प्रेरणेचा. माणूस लाभ व हानी तोलून वागतो, हे सूत्र अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ च्या एका निबंधात गुन्ह्यास लावून दाखविले. १९९२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. त्यांच्या मते गुन्हेगारास शिक्षा किती मोठी आहे एवढ्यानेच धाक बसत नाही. ती होण्याची शक्यता किती, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

बँकेच्या ग्राहकांस जवळचे उदाहरण धनादेशाचे. परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले आणि पुरेशा शिलकीअभावी धनादेश परत जाणे हा गुन्हा ठरला. २००२ च्या दुरुस्तीने कारावासाची कमाल मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. दंड धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो. आता समजा, १ लाख रुपयांचा धनादेश परत गेला आणि अशा दहा प्रकरणांपैकी एकाचाच निकाल लागून २ लाखांचा दंड होत असेल, तर देणेकऱ्याच्या हिशेबी दंडाचा सरासरी भार २० हजारच राहतो. कायदा कठोर असूनही धाक मात्र सौम्यच!

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशात नमूद केल्याप्रमाणे, २०१९ च्या अखेरीस देशात प्रलंबित असलेल्या सुमारे २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांहून अधिक खटले एकट्या धनादेशांचे होते. खटला जितका लांबेल, तितका काळ देणेकरी दुसऱ्याचा पैसा जणू बिनव्याजी वापरतो. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच धनादेशाच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयास दिला, तो विलंबातील हा लाभ कमी करण्यासाठीच.

आजचा रुपया, उद्याचा रुपया

तिसरा धडा पैशाच्या कालमूल्याचा. येथे अर्थशास्त्राचे अज्ञान एखाद्या कुटुंबास फार महाग पडू शकते.

रस्ते अपघातात ३८ वर्षांचा एक स्वयंरोजगारी गृहस्थ मृत्यू पावला, अशी कल्पना करावी. मासिक उत्पन्न १० हजार रुपये. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई. वार्षिक उत्पन्न १,२०,००० रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीसाठी भावी उत्पन्नवाढ म्हणून त्यात ४० टक्के मिळवावे लागतात. रक्कम होते १,६८,०००. चार आश्रित असल्याने मृताच्या वैयक्तिक खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होऊन उरतात १,२६,०००. या रकमेस २००९ च्या निर्णयातील कोष्टकानुसार ३६ ते ४० वयोगटासाठीच्या १५ या गुणकाने गुणले असता १८,९०,००० रुपये येतात. इतर किरकोळ शीर्षांखालील रकमा वेगळ्या.

साठीपर्यंत २२ वर्षे बाकी असताना गुणक १५ च का, असे कुटुंबीय साहजिकच विचारतात. उत्तर बँकेच्या व्याजदरात आहे. १८,९०,००० रुपये ६ टक्के दराने ठेवले, तर पहिल्या वर्षीच १,१३,४०० रुपये व्याज मिळते आणि मुदलातून अवघे १२,६०० रुपये काढावे लागतात. एकरकमी मिळणारा पैसा स्वतः कमावतो, म्हणून वर्षांची संख्या घटविली जाते. याउलट महागाई त्याच पैशाची क्रयशक्ती पोखरते, हे भावी वाढीचे ४० टक्के मिळविण्यामागील एक कारण. ती वाढ मागण्याचे वकिलाकडून राहून गेले, तर हिशेब १३,५०,००० वर थांबतो. तफावत तब्बल ५,४०,००० रुपयांची. म्हणजे मुलांच्या शिक्षणाची! अशा भरपाईचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवण्याचे निर्देश न्यायाधिकरणे अनेकदा देतात, त्यामागेही हेच गणित असते.

कार्यक्षमता आणि न्याय

मात्र अर्थशास्त्र हा न्यायाचा पर्याय नव्हे, हेही विद्यार्थ्याने तितकेच स्मरणात ठेवावे. थकीत कर्जांच्या वसुलीसाठी २००२ मध्ये सरफेसी कायदा झाला. वसुली रखडली की तिचा खर्च अखेर प्रामाणिक कर्जदाराच्या व्याजदरात आणि ठेवीदाराच्या परताव्यात उतरतो, हा त्यामागील अर्थविचार. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. परंतु न्यायाधिकरणाकडे पहिली दाद मागतानाच कर्जदाराने मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरावी, ही अट न्यायालयाने रद्द केली. जलद वसुली हितावह असली तरी ऐकून घेण्याचा हक्क पैशाअभावी नाकारता येत नाही. अर्थशास्त्र कायद्याची किंमत सांगते. ती कोणी मोजावी, हे न्यायबुद्धीनेच ठरवावे लागते.

ज्या ग्राहकांचे पाल्य विधी शाखेत शिकत असतील, त्यांनी या विषयाकडे ओझे म्हणून न पाहण्याचा सल्ला त्यांस अवश्य द्यावा. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक संकल्पनेसोबत एक न्यायनिर्णय वाचावा. चक्रवाढ व्याज, वर्तमान मूल्य आणि कर्जाचा हप्ता यांची गणिते स्वहस्ते सोडवावीत. घरातील पासबुक आणि मुदत ठेवीची पावती ही त्यासाठी सहज उपलब्ध असलेली साधने होत. उद्या एखादी विधवा आपली कागदपत्रे घेऊन त्यांच्यासमोर बसेल, तेव्हा कलमांच्या पाठांतराइतकाच हा हिशेबही तिच्या कामी येणार आहे.