संगणक तापतो तेव्हा...

आज आपल्या वस्त्यांतील अनेक घरांत मुलांच्या शिक्षणासाठी संगणक आला आहे. कोणी सोसायटीचे कर्ज काढून नवा घेतला, तर कोणी एखाद्या कचेरीतून निघालेला जुना स्वस्तात आणला. पण उन्हाळा लागला की तो अडखळू लागतो. पंखा घरघरतो, काम संथ होते आणि मुलगी परीक्षेचा अर्ज भरत असताना पडदा एकदम काळा होतो. मग दुकानदार सांगतो, "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." अशा वेळी खिशात हात घालण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहावी. यंत्र खरोखर बिघडले आहे, की आतली उष्णता बाहेर पडायला वाट उरलेली नाही?

उष्णतेचा जमाखर्च

संगणकातील मुख्य चिप म्हणजे प्रोसेसर. तो जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढ्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम जास्तीत जास्त १५-१६ वॉट वीज घेई. आजच्या साध्या डेस्कटॉपमधील अनेक प्रोसेसर ६५ वॉटचे असतात. म्हणजे पूर्वीच्या पिवळ्या ६० वॉटच्या बल्बएवढी उष्णता एका लहानशा चिपमधून निघते. ती ओढून घेण्यासाठी चिपवर पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा ठोकळा बसवतात. त्याला हीटसिंक म्हणतात. त्यावरचा पंखा ही उष्णता हवेत सोडतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. पंखा थंडी तयार करत नाही, तो फक्त उष्णता वाहून नेतो. खोलीतील हवेपेक्षा प्रोसेसर थंड करणे त्याला शक्य नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर अंगाची लाही होते. तेथे जमा फार आणि खर्चाला वाट कमी. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोहोचले की आपला वेग आपणच कमी करतात, आणि तरीही ताप वाढला तर संगणक बंद पडतो. अशा वेळी यंत्र स्वतःचा जीव वाचवत असते.

पंख्याचा वेग कोण ठरवतो?

पंख्याच्या वायरी मोजा. तीन असतील तर दोन विजेच्या आणि तिसरी फेऱ्यांची संख्या कळवणारी. अशा पंख्याचा वेग १२ व्होल्टचा दाब कमी करून उतरवतात. चार वायरी असतील तर चौथीवरून वेगाचा हुकूम येतो. विजेचा दाब तोच राहतो, पण हुकूम बदलेल तसा पंखा हळू किंवा जोरात फिरतो.

हा हुकूम मदरबोर्ड देतो. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ हे बटण वारंवार दाबले की बहुतेक मदरबोर्डांवर बायोसचा पडदा उघडतो. त्यात तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात. पंखा 'सायलेंट'वर ठेवलेला असेल तर उन्हाळ्यात 'स्टँडर्ड' करावा. स्वतः आकडे भरता येत असतील तर ४० अंशांना ४० टक्के, ६० ला ६० टक्के आणि ८० ला पूर्ण वेग असा चढता क्रम ठेवावा. आवाज थोडा वाढेल, पण काम अडणार नाही. वेग फार खाली ठेवू नये, काही पंखे थांबून जातात.

आधी धूळ, मग खर्च

पंखा पूर्ण वेगात असूनही ताप उतरत नसेल तर हीटसिंकच्या पट्ट्यांत धुळीचे बुजगे भरले आहेत का ते पाहा. आमच्या वस्तीतील अभ्यासिकेला मिळालेला एक संगणक दुरुस्ती करणाऱ्याने मोडीत काढायला सांगितला होता. मुलांनी तो उघडून साफ केला, हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट बदलली आणि तो पुन्हा कामाला लागला. खर्च आला तो फक्त पेस्टच्या ट्यूबचा.

साफसफाई करताना पुढील काळजी घ्यावी:

• संगणक बंद करून प्लग काढावा. काम अंगणात किंवा गॅलरीत करावे.
• रंगकामाचा कोरडा, मऊ ब्रश वापरावा. ओले फडके लावू नये.
• पंख्याची पाती बोटाने धरून मगच धूळ झटकावी.
• वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.
• हीटसिंक काढला तर जुनी पेस्ट पुसून नवीन लावल्याशिवाय बसवू नये.

पेटी जमिनीवर ठेवू नये, केर तिच्यातच जातो. भिंतीपासून चार बोटे तरी दूर ठेवावी. संगणक चालू असताना त्यावर कापडाचे आच्छादन घालू नये. पुढून हवा आत यावी आणि मागून बाहेर जावी, एवढी वाट मोकळी हवी. प्रोसेसरचा पंखा फिरतच नसेल तर मात्र संगणक चालवू नका, पंखा बदला.

एवढे सगळे करूनही संगणक बंद पडत असेल तर खुशाल दुरुस्तीला न्या. पण नेताना तापमान किती होते, पंखा किती फेरे घेत होता, हे कागदावर लिहून न्या. ज्याच्या हातात आकडे असतात त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. आणि हो, पेटी उघडाल तेव्हा स्क्रू ड्रायव्हर मुलाबरोबर मुलीच्याही हातात द्या.